लाईट जाऊन आली की फोनवर डॉट टेस्ट उघडत नाही

लक्षण असं. व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा जणू दुसरा संगणक) लॅपटॉपवर चालू आहे, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्यावरची चाचणीची साइट, पेटी डॉट टेस्ट, व्यवस्थित उघडतेय, फोन त्याच वायफायवर आहे आणि कालपर्यंत फोनवरही सगळं दिसत होतं. आज फोन म्हणतो, साइट सापडत नाही. मधल्या वेळात कॉन्फिगला कुणी हात लावलेला नाही. फक्त लाईट गेली आणि आली. मग आपण डीएनएसमास्क (घरातल्या घरात डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगायचं, काम करणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करतो, राउटर रीस्टार्ट करतो, फोन रीस्टार्ट करतो. त्यातल्या कशाने तरी चालू होतं आणि कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या सरीला पुन्हा तेच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरून काम करणाऱ्याला पावसाळ्यात हे वारंवार भोगावं लागतं. फोनवर बघणं टाळताही येत नाही. होमस्टेवाले असोत की हापूसचे बागायतदार, इथली गिऱ्हाइकं साइट उघडतात ती फोनवर, आणि त्यांच्याकडे येणारे पर्यटकही फोनवरच बुकिंग करतात. लॅपटॉपच्या ब्राउझरमधला मोबाईल व्ह्यू फक्त रुंदी दाखवतो. कीबोर्ड वर आल्यावर 'ऑर्डर द्या' हे बटण त्याखाली झाकलं जातं की नाही, ते खऱ्या फोनवरच कळतं.

माझी मांडणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. लॅपटॉपवर लिनक्स, त्यात व्हर्च्युअलबॉक्स, आत उबुंटूच्या दोन मशीन: एक आंब्याच्या ऑर्डरची, एक खोल्यांच्या बुकिंगची. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५०. त्यावरच डीएनएसमास्क, ज्याला सांगितलंय की डॉट टेस्टने संपणारं कुठलंही नाव विचारलं तर हाच पत्ता दे. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा आहे, तो नाव बघून विनंती योग्य मशीनकडे पाठवतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १९२.१६८.१.५०.

आधी दोषाची जागा

कॉन्फिग उघडायच्या आधी फोनच्या ब्राउझरमध्ये नाव न टाकता थेट लॅपटॉपचा आयपी टाका. एनजिनएक्सचं स्वागताचं पान आलं, ४०४ आला, काहीही आलं, तर रस्ता मोकळा आहे आणि गोंधळ नावाचा आहे. काहीच आलं नाही तर डीएनएसच्या नादाला लागू नका, दोष वायफाय, फायरवॉल किंवा बदललेल्या आयपीत आहे. एवढी एक चाचणी अर्धा वेळ वाचवते, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

रस्ता मोकळा असेल तर पुढचा प्रश्न एकच: फोन नाव कुणाला विचारतोय? उत्तर फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधू नका, तिथे दिसतं ते आपण काय भरलं ते. उत्तर डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) आहे. कॉन्फिगमध्ये लॉग-क्वेरीज ही ओळ टाका, रीस्टार्ट करा, लॉग डोळ्यांसमोर वाहता ठेवा आणि फोनवर पान रिफ्रेश करा. तीनपैकी एक दिसेल.

पहिली शक्यता: 'क्वेरी', चौकटी कंसात 'ए', मग पेटी डॉट टेस्ट, 'फ्रॉम' आणि फोनचा आयपी. लगेच खाली 'कॉन्फिग' ने सुरू होणारी ओळ, शेवटी १९२.१६८.१.५०. म्हणजे विचारलं आणि बरोबर सांगितलं, डीएनएस निर्दोष. दुसरी: क्वेरी आली, पण खाली 'फॉरवर्डेड' आणि बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता. म्हणजे तुमचा नियम त्या नावाला लागलेला नाही. स्पेलिंग बघा, आणि हा नियम सांगणाऱ्या ॲड्रेसच्या ओळीच्या जोडीला लोकल ही ओळही डॉट टेस्टसाठी टाका, म्हणजे त्या शेपटाचा कुठलाच प्रश्न घराबाहेर जाणार नाही. तिसरी: फोनवर साइट सापडत नाही असं येतंय आणि लॉगमध्ये मात्र शुकशुकाट. लाईट जाऊन आल्यानंतर बहुतेक वेळा हीच तिसरी असते. फोन तुमच्या सर्व्हरला विचारतच नाहीये.

एक सावधगिरी. अँड्रॉइडवर टर्मक्स (कमांड चालवायचं ॲप) टाकून डिग (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) चालवणारे बरेच जण आहेत. टर्मक्समधलं डिग फोनच्या सेटिंग्ज वाचत नाही, ते स्वतःच्या फाईलमधल्या सर्व्हरला विचारतं. तिथे नाव सापडलं नाही म्हणून ब्राउझरलाही सापडत नसेल असं समजू नका. डिगला ॲट चिन्ह लावून सर्व्हरचा आयपी द्या, म्हणजे किमान डीएनएसमास्क फोनपर्यंत उत्तर देतोय का ते कळेल. फोनची खरी अवस्था बघायची तर तिथेच साधं पिंग करा; ते नाव सिस्टीमकडूनच सोडवून घेतं.

इंटरनेट नसलेलं वायफाय

आता लाईटकडे येऊ. लाईट गेली तरी आपल्या घरचा इन्व्हर्टर राउटर चालू ठेवतो. पण नाक्यावरच्या खांबावर इंटरनेटवाल्यांचं जे खोकं लटकलेलं असतं, त्यातल्या बॅटरीचा भरवसा नाही. ती उतरली की घरात वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या आणि इंटरनेट शून्य. आपण म्हणतो, चालेल, मशीन घरातच आहे, इंटरनेट कशाला हवं? फोनला ते पटत नाही.

अँड्रॉइड वायफायला जोडल्यावर गुगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी विनंती पाठवून बघतो, आणि कोरा, २०४ क्रमांकाचा प्रतिसाद आला तरच इंटरनेट आहे असं मानतो. तो आला नाही तर वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं आणि मोबाईल डेटा चालू असेल तर फोन सगळी वाहतूक गुपचूप तिकडे वळवतो. आता पेटी डॉट टेस्ट हा प्रश्न सिमकार्डाच्या कंपनीच्या डीएनएसला जातो. त्याला असं नाव माहीत असण्याचं कारणच नाही. वर वायफाय जोडलेलं दिसतंय, म्हणून आपल्याला संशयही येत नाही.

उपाय सोपा: चाचणीच्या वेळी मोबाईल डेटा बंद. किंवा विमान मोड लावून फक्त वायफाय चालू. 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' अशी सूचना आली तर होय म्हणा आणि पुन्हा विचारू नको यावरही खूण करा. आयफोनवर मोबाईल डेटाच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी वायफाय असिस्ट आहे, तेही बंद ठेवा.

इंटरनेट परत आल्यावरही थोडा वेळ नाव सापडत नाही, त्याचं कारण वेगळं. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा साठवून ठेवलं जातं, आणि डॉट टेस्टसारख्या अस्तित्वात नसलेल्या शेपटासाठी मूळ सर्व्हर ते ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस, साठवायची मुभा देतात. फोन प्रत्यक्षात इतका वेळ धरून बसेलच असं नाही, पण विमान मोड लावून काढला की हा साठा जातो. क्रोमचा स्वतःचा साठा वेगळा असतो, तो त्याच्या नेट-इंटरनल्सच्या पानावरून रिकामा करता येतो.

डीएनएस दोनचा रकाना

अँड्रॉइडमध्ये आयपी स्टॅटिक (हाताने भरलेला, कायमचा) केला की डीएनएस एक आणि डीएनएस दोन असे रकाने मिळतात. पहिल्यात लॅपटॉप, दुसऱ्यात गुगलचा ८.८.८.८, 'असू दे, आधाराला'. हा आधारच घात करतो. दुसरा सर्व्हर पहिल्याला नाव सापडलं नाही म्हणून विचारला जात नाही, पहिला गप्प राहिला तर विचारला जातो. वाडीत पत्ता विचारताना पहिल्याच माणसाने 'असं घर इथे नाही' असं ठासून सांगितलं की आपण गाडी वळवतो, तसं. लॅपटॉप झोपला, लाईट गेल्यावर बंद झाला, किंवा डीएनएसमास्क उभा राहायला वेळ लागला, की फोन दुसऱ्याकडे जातो आणि तिथून ठाम नकार घेऊन येतो. शिवाय अँड्रॉइड कोणता सर्व्हर उत्तर देत नाही याची नोंद ठेवतो आणि काही काळ त्याला टाळतो. म्हणून लॅपटॉप जागा झाल्यावरही लगेच काही होत नाही, आणि वायफाय बंद-चालू केलं की एकदम होतं.

दोन्ही रकान्यांत तोच आयपी घाला. आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या 'आय' खुणेत कॉन्फिगर डीएनएस, मग मॅन्युअल, आणि आधीचे सगळे पत्ते काढून एकच ठेवा.

राउटरच्या डीएचसीपीतून (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीतून) सगळ्या घराला लॅपटॉपचा डीएनएस देऊ नका, असं माझं मत. लॅपटॉपचं झाकण मिटलं की घरातल्या टीव्हीपासून आईच्या फोनपर्यंत सगळ्यांचं इंटरनेट जातं आणि हाका तुम्हालाच येतात. घरभर द्यायचाच असेल तर डीएनएसमास्क रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हलवा आणि तो राउटरच्याच इन्व्हर्टरवर ठेवा.

पण पायची एक वेगळीच खोड आहे. लाईट आल्यावर तो राउटरच्या आधी उठतो. तेव्हा त्याला आयपी मिळालेला नसतो, आणि कॉन्फिगमध्ये 'या आयपीवरच ऐक' असं लिहून बाइंड-इंटरफेसेस लावलं असेल तर डीएनएसमास्क त्या पत्त्यावर सॉकेट उघडता येत नाही अशी तक्रार करून मरतो. पाय चालू, एसएसएचने लांबून आत शिरता येतंय, डीएनएस मात्र मेलेला. बाइंड-इंटरफेसेसच्या जागी बाइंड-डायनॅमिक लिहा. मग पत्ता नंतर आला तरी तो पकडतो. वाय-फाय वर चालणाऱ्या लिनक्स लॅपटॉपलाही हेच लागू.

आयपीव्ही६ ची मागची वाट

लॉगमध्ये शुकशुकाट, मोबाईल डेटा बंद, डीएनएस दोनही ठीक, तरी फोन हट्टी? मग अँड्रॉइडमध्ये त्या वायफायचा तपशील उघडा आणि डीएनएसच्या ओळीत आपण न भरलेला, कोलन-कोलनवाला लांबलचक पत्ता दिसतोय का बघा. राउटर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) देत असेल तर तो 'मी इथला राउटर' अशा आपल्या जाहिरातीबरोबर स्वतःचा डीएनएसही वाटतो, आणि आयपीव्ही४ चा रकाना तुम्ही हाताने भरला असला तरी अँड्रॉइड हा दुसरा मार्गही यादीत धरतो. कुठला प्रश्न कुठे जाईल ते मग सांगता येत नाही. कधी उघडतं, कधी नाही, ही तक्रार बहुधा इथूनच येते.

राउटरच्या पानावर लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) बाजूचं आयपीव्ही६ बंद करा, किंवा निदान त्यातून डीएनएस वाटणं बंद करा. मात्र सेवादात्याने दिलेले काही राउटर सुरू होताना सेटिंग्ज पुन्हा लांबून घेतात, आणि आपण बंद केलेलं लाईट आल्यावर परत चालू झालेलं असतं. राउटर ऐकतच नसेल तर त्याच्यामागे स्वतःचा छोटा राउटर लावा आणि लॅपटॉप, फोन दोन्ही त्यावरच जोडा. टेलस्केल (आपली उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: तिथे फक्त डॉट टेस्टची नावं आपल्या सर्व्हरला विचार असं सांगता येतं, मग राउटर काय वाटतो याने फरक पडत नाही.

प्रायव्हेट डीएनएसचं (नावाचे प्रश्न गुप्त जोडणीतून विचारायच्या सोयीचं) ही इथेच उरकून घेतो. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, हे सेटिंग आहे. 'ऑटोमॅटिक' वर असेल तर त्रास नाही. फोन आपल्या सर्व्हरशी पोर्ट ८५३ वर बोलायचा प्रयत्न करतो, जमलं नाही की साध्या ५३ वर येतो. पण तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर फोन फक्त तिलाच विचारतो, बाकी सगळे रकाने शोभेचे. जाहिराती अडवण्यासाठी एखादा व्हिडिओ बघून लोक हे भरून ठेवतात आणि विसरतात. क्रोममधलं सिक्युअर डीएनएस आणि आयफोनवरचं आयक्लाउड प्रायव्हेट रिले हेही तपासा.

चिऱ्याच्या भिंती

माजघरातलं वायफाय पडवीत पोचत नाही. चिऱ्याच्या जाड भिंतीतून पलीकडे काड्या उरत नाहीत, म्हणून दुसरा राउटर येतो, आणि तो जसा खोक्यातून निघाला तसाच जोडला जातो. त्याची केबल वॅनच्या (इंटरनेटच्या बाजूच्या) भोकात, त्याचं स्वतःचं डीएचसीपी चालू. झाले एका घरात दोन गाव: आत १९२.१६८.१, बाहेर १९२.१६८.०. फोन पडवीत आणि लॅपटॉप आत असेल तर आयपी टाकून पान उघडतं, कारण बाहेरचा राउटर आतल्या जाळ्यात जाऊ देतो. उलट असेल, लॅपटॉप घेऊन तुम्ही पडवीत वाऱ्याला बसलात आणि फोन आत चार्जिंगला, तर काही केल्या उघडत नाही. नावाचा इथे काडीचा संबंध नाही.

दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तो पर्याय नसेल तर केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात लावा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला आतल्या जाळ्यातला एक मोकळा आयपी द्या. फोन गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघा. गेस्टवर उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते.

आयपी टाकूनही उघडत नाही

सगळ्यात आधी लॅपटॉपचा आयपी तोच आहे का ते बघा. काही स्वस्त राउटरांची पत्ते वाटल्याची यादी मेमरीतच असते, बंद पडला की पुसली जाते, आणि कालचा ५० आज ५३ होतो. राउटरमध्ये लॅपटॉपच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवा. हे एकदा केलं की निम्मी कटकट संपते. रँडम मॅक मात्र लॅपटॉपवर बंद हवा, नाहीतर राखलेली जागा ओळखीची राहत नाही.

मग मशीनचं नेटवर्क. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट-ओन्लीवर मिळणारा १९२.१६८.५६ चा पत्ता फक्त तुमच्या लॅपटॉपपुरता असतो. डीएनएसने फोनला तो दिला तर उत्तर बरोबर असूनही फोन तिथे पोचणार नाही. लॅपटॉपवर दिसतं, फोनवर नाही, याचं हे सगळ्यात जुनं कारण. ब्रिज्ड केलं की मशीनला घरच्या जाळ्यातला पत्ता मिळतो, पण वायफायवरून ब्रिज करणं प्रत्येक कार्डाला नीट जमत नाही. म्हणून मी मशीन होस्ट-ओन्लीवर ठेवतो आणि लॅपटॉपच्या एनजिनएक्समधून आत वळवतो. फोनला एकच पत्ता माहीत असला की पुरे, मशीन कितीही वाढोत.

विंडोजवाल्यांनी नेटवर्क प्रोफाईल बघावं. राउटर बदलला किंवा रीसेट झाला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजून 'पब्लिक' ठरवू शकतं, आणि मग बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवल्या जातात. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू असेल तर वेबच्या ८० आणि ४४३ या पोर्टांबरोबर डीएनएसचं ५३ उघडा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. उबुंटूवर ५३ आधीच तिच्या स्वतःच्या डीएनएस सेवेने, सिस्टीमडी-रिझॉल्व्हडने, १२७.०.०.५३ वर घेतलेलं असतं. डीएनएसमास्कला सगळ्या पत्त्यांवर न बसवता फक्त लॅनच्या पत्त्यावर बसवलं तर दोघे सुखाने नांदतात.

नाव कुठलं घ्यावं

डॉट लोकल नको. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, फोन ते नाव तुमच्या सर्व्हरला न विचारता जाळ्यात ओरडून विचारतो. डॉट डेव्ह तर मुळीच नको. ते खरं, गुगलच्या मालकीचं शेपूट आहे आणि डिसेंबर २०१७ मधल्या क्रोम ६३ पासून तिथे एचटीटीपीएसची सक्ती आहे. डॉट टेस्ट १९९९ पासून चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे, ते कुणालाही कधी विकलं जाणार नाही. २०२४ मध्ये डॉट इंटर्नलही खासगी वापरासाठी राखलं गेलं, तेही चालेल.

कॅमेरा उघडत नसेल तर

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पेटीवर क्यूआर हवा आणि तो स्कॅन केला की बागेची माहिती दिसावी, अशी मागणी येते. स्कॅनर वेबपानातच बनवला तर लॅपटॉपवर लोकलहोस्टला कॅमेरा उघडतो आणि फोनवर पेटी डॉट टेस्टला नाही. ब्राउझर कॅमेरा फक्त सुरक्षित जोडणीवर देतो, लोकलहोस्टला तेवढी सूट आहे. एमकेसर्ट या साधनाने एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र बनवा. थेट तारांकित (तारेच्या जागी कुठलंही नाव चालणारं) डॉट टेस्ट असं नाव मात्र ब्राउझर सहसा मान्य करत नाहीत, म्हणून मध्ये एक पायरी घ्या: पेटी डॉट वाडी डॉट टेस्ट, आणि प्रमाणपत्र तारांकित डॉट वाडी डॉट टेस्टचं. मूळ प्रमाणपत्र फोनवर चढवावं लागतं. आयफोनवर चढवून भागत नाही, जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज इथे जाऊन वेगळी संमती द्यावी लागते. अँड्रॉइडवर क्रोम ते मानतो, पण अँड्रॉइड ७ पासून इतर ॲप आपणहून मानत नाहीत.

पान आलं पण त्यात 'होस्टला परवानगी नाही' असा मजकूर असेल तर नेटवर्कचं काम झालेलं आहे. साइट जँगोत बनवली असेल तर त्याच्या अलाउड होस्ट्समध्ये, वीट हे साधन वापरलं असेल तर त्याच्या तशाच सेटिंगमध्ये नाव घाला.

आणि गिऱ्हाईक ओटीवर येऊन बसलंय, चहा झालाय, साइट त्यांच्याच फोनवर दाखवायची आहे, तर त्यांच्या फोनची सेटिंग्ज उघडत बसू नका. इंटरनेट असेल तर निप डॉट आयओ वापरा: नावातच आयपी लिहायचा, १९२-१६८-१-५० असा, आणि पुढे निप डॉट आयओ. कुठलाही डीएनएस त्याचं उत्तर तोच आयपी म्हणून देतो, फक्त त्या नावाची नोंद एनजिनएक्समध्ये आधी करून ठेवा. काही राउटर, उदाहरणार्थ ओपनडब्ल्यूआरटीवाले, बाहेरून आलेल्या उत्तरात घरचा आयपी दिसला की ते अडवतात. तिथे रीबाइंड संरक्षणात या नावाला सूट द्यावी लागते.